हिरव्या पट्ट्याची हरकत: पंचगंगेकाठच्या एका गावातला अनुभव

प्रारूप विकास योजना, म्हणजे कुठं घरं, कुठं शेती, कुठून रस्ते हे ठरवणारा मसुदा, राजपत्रात आली की हरकत द्यायला ३० दिवस मिळतात. माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर द्यायला कार्यालयालाही ३० दिवस असतात. त्यामुळे योजना बघून मग अर्ज टाकणाऱ्याच्या हातात पूररेषेचा नकाशा पडतो, तेव्हा हरकतीची मुदत संपलेली असते. नदीकाठचं उसाचं रान शेती विभागातच राहावं म्हणून आम्ही हरकती देतो, आणि पहिल्या वेळी आमचं नेमकं इथंच चुकलं. त्यानंतर सगळं काम आम्ही मागच्या टोकाकडून लावलं. आधी कागद गोळा करायचे, मग योजनेची वाट बघायची. नदीकाठच्या गावांतल्या लोकांना ही पद्धत उपयोगी पडेल म्हणून ती तपशिलात लिहीत आहोत.

आधी जागेची कल्पना यावी. कोल्हापूरची महापालिका १९७२ ची आणि हद्द ६६.८२ चौरस किलोमीटरची. हद्दवाढीचा वाद सुरूच असतो, त्यात आम्ही पडत नाही. २०१७ मध्ये करवीर आणि हातकणंगले तालुक्यांतल्या ४२ गावांसाठी वेगळं प्राधिकरण झालं. पण हद्द वाढो न वाढो, प्लॉट पडायचे थांबत नाहीत. दक्षिणेला पाचगाव, मोरेवाडी, कळंबा या बाजूला मुरमाड माळ आहे, तिथं घरं गेली. उत्तरेला आणि पश्चिमेला प्रयाग चिखली, आंबेवाडी, वडणगे या अंगाला नदीची मळीची रानं आहेत, काळी आणि ओलिताची. या रानांना एका पिढीत दुसऱ्यांदा मोल आलं. पहिल्यांदा उपसा पाणी योजनांमुळं, आता प्लॉटमुळं.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा. त्यातली चारपाच कलमं तोंडपाठ हवीत. कलम २३ म्हणजे योजना तयार करण्याचा इरादा जाहीर करणं. कलम २५ म्हणजे सध्या जमीन कशाला वापरात आहे त्याचा नकाशा. कलम २६ म्हणजे प्रारूप योजना आणि हरकती. कलम २८ म्हणजे समितीपुढची सुनावणी. कलम ३१ म्हणजे शासनाची मंजुरी. बहुतेक गावं कलम २६ ला जागी होतात. खरं काम कलम २३ ते २५ च्या मधल्या महिन्यांत असतं, कारण विद्यमान वापराच्या नकाशावर जे रान ‘मोकळी जागा’ म्हणून पडलं, ते प्रारूपात पिवळं व्हायला वेळ लागत नाही. पिवळा म्हणजे रहिवासी, हिरवा म्हणजे शेती. गावात सगळे येलो झोन, ग्रीन झोन असंच म्हणतात.

उसाचं चांगलं रान मोकळं दिसतं ते सातबाऱ्यातल्या बारामुळं, म्हणजे पिकांच्या नोंदीमुळं. ई-पीक पाहणी २०२१ पासून मोबाईलवर आली. ज्यानं ती केली नाही, त्याचा पिकाचा रकाना कोरा राहतो. ऊस तुटून गेलेल्या, पाचट पडलेल्या रानाचा उपग्रह फोटो उन्हाळ्यात घेतलेला असला तर तोही तपकिरी दिसतो. कोरा रकाना आणि तपकिरी फोटो एकत्र आले की नकाशा काढणाऱ्याच्या लेखी ते रान पडीक. त्याचा तरी काय दोष? म्हणून पहिलं काम असं ठरलं की इरादा जाहीर होण्याची वाट न बघता प्रत्येक हंगामात ई-पीक पाहणी करायची आणि उसाच्या आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा या प्रकारांतलं जे असेल ते नेमकं लिहायचं. मागच्या तीन वर्षांचे बारा काढून ठेवायचे. त्यातलं एक वर्ष कोरं असलं तर त्या वर्षीची साखर कारखान्याची ऊस बिलं जोडायची. बिलावर सभासदाचं नाव असतं, गट नंबर नसतो. म्हणून बिलाबरोबर ऊस नोंदीचा उताराही घ्यायचा, त्यावर गट आणि क्षेत्र दोन्ही मिळतं.

दुसरा पुरावा पाण्याचा. ज्या सहकारी पाणीपुरवठा संस्थेतून रान भिजतं, तिच्या लाभक्षेत्राची गटवार यादी आणि सचिवाच्या सहीचा दाखला घेतला. योजनेवर बसलेला पैसा हा इथला मोठा मुद्दा आहे. नदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, त्यावर जॅकवेल (पाणी उपसायची विहीर), तिथून चढती पाइपलाइन, खाली चेंबर. यातला वरचा पन्नास एकर पट्टा पिवळा झाला तरी जॅकवेलचा आणि विजेचा खर्च कमी होत नाही. तो खालच्या उरलेल्या एकरांवर पडतो, पट्टी वाढते, आणि शेवटी उरलेल्यांनाही परवडत नाही. एका गटाचा रंग बदलल्यानं बाकीचं रान कसं मोडतं, हे सुनावणीत आकड्यांनी सांगता येतं. तिथं ‘काळी आई’ म्हणून काही होत नाही, पाणीपट्टीचा हिशेब मात्र ऐकून घेतात.

तिसरा पुरावा पुराचा. इथं लोकांचा गोंधळ फार. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे पोरासोरांना पाठ आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पण नियोजनात हे फूट चालत नाहीत, तिथं निळी आणि लाल रेषा चालते. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. त्या जलसंपदा विभाग आखतो. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा. निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा, आणि इथं लाल रेषेच्या वर ०.४५ मीटर जोतं ठेवून बांधकाम होऊ शकतं. गावात या सगळ्यालाच ‘रेड झोन’ म्हणतात आणि रेड झोन आहे म्हणजे आपलं रान सुरक्षित, असं समजून बसतात. ते खरं नाही. दोन रेषांच्या मधलं रान पिवळं झालं तर मालक भराव टाकून जोतं उचलतो, आणि त्याचं पाणी शेजाऱ्याच्या उसात जातं.

भरावाचा हिशेब करून दाखवावा लागतो. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. त्यावर एक मीटर भराव टाकला तर पुराच्या वेळी तिथं मावणारं सुमारे ४० लाख लिटर पाणी दुसरीकडं जातं. त्याला मुरूम लागतो साधारण १,४३० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). हा आकडा सांगितल्यावर समितीतला माणूस कागदावरून मान वर करून बघतो, कारण ब्रास सगळ्यांना कळतो.

रेषेचा नकाशा मागताना ‘पूररेषेचा नकाशा द्यावा’ एवढंच लिहिलं तर ‘संकेतस्थळावर उपलब्ध आहे’ असं उत्तर येतं. गावाचं नाव, नदीचा भाग, रेषेचे अक्षांश-रेखांश किंवा गटवार बाधित यादी, आणि नकाशाची प्रमाणित प्रत, असं तोडून मागायचं. अर्जाची फी १० रुपये, नकाशाच्या प्रतीचा खर्च वेगळा कळवतात. तो लगेच भरायचा, कारण कळवल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस ३० दिवसांत धरत नाहीत.

आता प्रारूप. ते प्रसिद्ध झालं की कार्यालयात बघायला ठेवावं लागतं आणि प्रती विकत द्याव्या लागतात. भिंतीवर लावलेल्या नकाशाचा मोबाईलवर फोटो काढून समाधान मानू नका. फोटोत कडा वाकतात आणि गट नंबर वाचता येत नाहीत. पैसे भरून आपल्या गावाच्या पानाची प्रत घ्या, तीही दोन, आणि पावती जपा. आम्हाला एका ठिकाणी ‘सध्या प्रत संपली’ असं तोंडी सांगितलं. तेव्हा तेच वाक्य लिहून देण्याची विनंती करणारा अर्ज दिला आणि प्रत दुसऱ्या दिवशी मिळाली.

प्रारूप नकाशा गाव नकाशावर बसवणं हे सगळ्यात किचकट काम. क्यूजीआयएस हे नकाशे जुळवायचं फुकटचं सॉफ्टवेअर पुरतं, पण घाई करून चालत नाही. शासनाच्या महाभूनकाशा या संकेतस्थळावरून गटांच्या हद्दी बघायच्या, मूळ गाव नकाशाची प्रत भूमी अभिलेखमधून घ्यायची आणि दोन्ही प्रारूपावर जुळवायच्या. जुळवायला खुणा निवडताना झाड, विहीर, घर घेऊ नका. विहिरी बुजतात, घरं सरकतात. तीन गावांच्या शिवा मिळतात तो दगड, जुन्या पुलाची दोन्ही टोकं, देवळाचा जुना चौथरा, अशा निदान सहा खुणा हव्यात आणि त्या गावभर पसरलेल्या हव्यात. सगळ्या गावठाणाजवळच्या घेतल्या तर नदीकडचं टोक ३०-४० मीटर सरकतं. १:१०,००० च्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर १० मीटर, हे लक्षात ठेवलं की किती चूक चालेल ते कळतं. आमच्या पहिल्या जुळणीत एक अख्खा गट रस्त्याच्या पलीकडं गेला होता. शेतकऱ्यानं नकाशावर बोट ठेवून ‘ही माझी विहीर इकडं कशी?’ म्हटल्यावर चूक कळली.

नकाशा बसला की पहिल्यांदा रस्ते बघा, रंग नंतर. हा आमचा आग्रह आहे. हिरव्या पट्ट्यातून १८ मीटरचा डीपी (विकास योजनेतला) रस्ता गेला तर तो पट्टा दहा वर्षांत कागदावरच हिरवा राहतो. रस्ता स्वतः किती खातो तेही बघा. १८ मीटर रुंद आणि २५० मीटर लांब तुकडा म्हणजे ४,५०० चौरस मीटर, ४४ गुंठ्यांच्या वर, एकरापेक्षा जास्त. शिवाय रान दोन फाळ्यांत तुटतं, पाट आणि पाइपलाइन तुटते, एका बाजूचा तिरकस तुकडा नांगराला वळत नाही. आणि नदीकडं आडवा रस्ता आला की त्याचा भराव बंधाऱ्यासारखा पाणी अडवतो. शिरोलीजवळ महामार्गाला पुराचं पाणी कसं अडतं ते २०१९ आणि २०२१ ला सगळ्यांनी बघितलंय.

रस्ता नको, एवढंच म्हटलं तर हरकत फेटाळली जाते. रस्ता इकडून न्या, असं म्हणावं लागतं. आम्ही जुन्या पाणंदी नकाशावर काढल्या. पाणंद गाव नकाशात दुहेरी तुटक रेषेत असते, पण दोन्ही बाजूंनी बांध सरकून आज जागेवर सातआठ फूटच उरलेली असते. ती मोजणीत मोकळी करून त्यावरून रस्ता नेला तर नवी जमीन कमी लागते. अडचण अशी की पाणंदीच्या दोन्ही बाजूंचे शेतकरी लगेच आपल्या विरोधात हरकत देतात. त्यांच्याशी आधी बसावं लागतं. हे काम कार्यालयात होत नाही, चावडीवर होतं.

ओढ्यांचंही असंच. पायाभूत नकाशा उपग्रहावरून केलेला असला की उसाखाली झाकलेले ओढे त्यावर येत नाहीत. गाव नकाशात मात्र ते आहेत आणि सातबाऱ्यावर पोटखराबा (लागवडीला अयोग्य क्षेत्र) म्हणून नोंद आहे. दोन्ही एकमेकांना लावून ओढ्यांची यादी दिली, ती विनावाद मान्य होण्यासारखी होती. गायरानावर सार्वजनिक सोयींची आरक्षणं टाकण्याची सवय फार, कारण संपादनाचा खर्च नसतो. तिथं गुरं, तळं किंवा देवराई असेल तर तेवढं क्षेत्र वेगळं मोजून दाखवावं. गावाच्या सार्वजनिक जमिनीबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल आणि त्यानंतरचा राज्याचा शासन निर्णय यांचा उल्लेख एका ओळीत पुरे.

आता अवघड गोष्ट. गावातले सगळेच रान वाचवायला निघालेले नसतात. सातबाऱ्यावर चार भाऊ सामाईक असतात. एक कसतो, एक पुण्याला असतो, एकाला पोरीचं लग्न काढायचंय. हिरव्यातून पिवळ्यात गेलं की गुंठ्याचा भाव किती होतो, ते सगळ्यांना माहीत असतं. त्याला नैतिकता शिकवायला गेलो तर तो विरोधी हरकत देतो, आणि समितीपुढं एकाच गटाच्या दोन उलट हरकती आल्या की मूळ प्रस्ताव कायम राहतो. यावर आम्हाला एकच मार्ग सापडला. पिवळं कुठं असावं हेही आपणच दाखवायचं.

त्यासाठी साधं गणित मांडलं. समजा पुढच्या २० वर्षांत गावात ६,००० माणसं वाढणार आणि हेक्टरी १५० माणसं राहणार, तर ४० हेक्टर लागतात. रस्ते, शाळा धरून ५० म्हणू. प्रारूपात १६० हेक्टर पिवळं असेल तर उरलेलं ११० कुणासाठी, हा प्रश्न सरळ विचारता येतो. मग गावठाणाला लागून, माळाच्या अंगाला, पाण्याची योजना नसलेले गट निवडून ५० हेक्टरचा पर्याय नकाशावर रंगवून द्यायचा. माळावर ढकला म्हणणंही सरसकट चालत नाही. दक्षिणेला कळंबा तलावाचं पाणलोट आहे, तिथंही ओढे मोकळे सोडावेच लागतात. पण पर्याय हातात असला की हरकत ‘विकासाला विरोध’ या खात्यात पडत नाही, आणि ज्याला विकायचंय त्यालाही गावात कुठं तरी वाट राहते.

ग्रामसभेचा ठराव जोडला. सात दिवसांची नोटीस आणि गणसंख्या (एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली कमी असेल ती) पुरी झाल्याचा उल्लेख ठरावात नसेल तर त्या कागदाला वजन राहत नाही. ठरावात भाषण नको, गट नंबरांची यादी हवी.

हरकत एका पानाची. गट क्रमांक, क्षेत्र, सध्याचा वापर, प्रारूपात दाखवलेला वापर, नकाशाच्या पानाचा क्रमांक, मागणी, कारण, जोडलेल्या कागदांची यादी. क्षेत्र हेक्टर-आरमध्येच लिहा. सातबाऱ्यावरचं ०.४० म्हणजे ४० आर, म्हणजे साडेएकोणचाळीस गुंठे. ते ४० गुंठे लिहिलं की आकडे जुळत नाहीत म्हणून शेरा येतो. मागणीचं वाक्य असं लिहावं की समितीला ते शिफारशीत जसंच्या तसं उतरवून घेता येईल: ‘गट क्र. अमुक ते अमुक शेती विभागात समाविष्ट करावेत व १८ मीटर रुंद रस्ता पूर्वेकडील पाणंदीवरून न्यावा.’ प्रत्येक खातेदाराची हरकत वेगळी, सामाईक नकाशा सगळ्यांना एकच. एका मजकुराच्या चारशे झेरॉक्स दिल्या तर त्या एकाच सुनावणीत गुंडाळतात. मयत खातेदाराच्या नावे सही अजिबात नको, वारसनोंद झाली नसेल तर वारस म्हणून द्या. दोन प्रती न्यायच्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि पानांची संख्या घ्यायची. आमच्या काही प्रतींवर नुसता शिक्का होता, तारीख नव्हती. त्या पुन्हा जाऊन नोंदवून घ्याव्या लागल्या, आणि मुदतीला दोनच दिवस उरले होते.

महापालिका असेल तर सुनावणीला स्थायी समितीचे ३ सदस्य आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त ४ जण असतात. पाच मिनिटं मिळाली तर बरीच मिळाली. एकानंच बोलायचं, ए-थ्री आकाराचा एकच नकाशा पुढं सरकवायचा. त्यावर प्रारूपाचा रंग, पूररेषा आणि लाभक्षेत्र एकावर एक. बाकीचे मागे बसतात. निघताना लेखी म्हणणं देऊन त्याचीही पोच घ्यायची.

यातलं काही मान्य होतं, काही अर्धं, काही नाही. पण योजना मंजूर झाली म्हणजे संपलं, असं समजणारे नंतर रान घालवतात. आमच्या मते गळती तिथंच जास्त आहे. विकास योजनेत कलम ३७ खाली आणि प्रादेशिक योजनेत कलम २० खाली एकेका गटाचे फेरबदल होत राहतात. कलम ३७ ची नोटीस येते, एक महिन्यात हरकत द्यायची असते, आणि ती बहुतेक कुणी वाचत नाही. मंजुरीच्या वेळी वगळलेल्या भागांवर वेगळ्या हरकती मागवतात, त्याही तशाच जातात. राजपत्राच्या भाग एकची पुणे विभागीय पुरवणी दर आठवड्याला बघायची आणि आपल्या तालुक्याचं नाव शोधायचं, एवढं काम एका माणसाकडं कायमचं द्या. दहा मिनिटांचं आहे, पण चुकवायचं नाही.

झोन हिरवा राहिला तरी तिथं काहीच होत नाही, असंही नाही. डिसेंबर २०२० पासूनच्या राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत शेती विभागातही फार्महाऊस, पेट्रोल पंप, मंगल कार्यालय यांना अटींवर जागा आहे. त्यापलीकडं गुंठेवारी, म्हणजे गुंठा-दोन गुंठ्यांचे विनापरवाना प्लॉट पाडून विकणं. २००१ चा गुंठेवारी कायदा २०२१ मध्ये बदलून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना नियमित होण्याची वाट दिली गेली. पुढंही असंच होईल या भरवशावर प्लॉट विकले जातात. बागायतीला १० आणि जिरायतीला २० गुंठ्यांची तुकडेबंदीची मर्यादा २०२३ ला आली, तर लगेच ‘दहा गुंठे फार्म प्लॉट’ असे फलक लागले.

भरावावर लक्ष ठेवायचं तर मार्च ते मे. रान मोकळं असतं, रस्ता वाळलेला असतो, डंपर रात्री चालतात. अनधिकृत विकासावर कलम ५३ ची नोटीस निघायला तक्रारीत गट नंबर, तारीख आणि आधीची पातळी लागते, आणि आधीची पातळी कुणाकडंच नसते. आम्ही वीजखांब वापरला. रानातून गेलेला सिमेंटचा खांब साधारण ८ मीटरचा असतो, त्यातला दीड मीटर जमिनीत, वर साडेसहा. फेब्रुवारीतच खांबाच्या क्रमांकासकट फोटो काढून ठेवायचा, माणूस शेजारी उभा करून. मे महिन्यात त्याच जागेवरून दुसरा फोटो. क्रमांकाची पाटी माणसाच्या डोक्याच्या वर होती ती छातीशी आली असेल, तर भराव किती झाला ते टेप न लावताही मोजता येतं.